कुंपणातलं घरटं

गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. सगळे म्हणायचे 'सांभाळून साहेब'. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून उभी हयात घालवलेला हा माणूस दर दुसऱ्या वाक्याला 'सांभाळून' म्हणायचा. पेपरवाल्याला पेपर टाकताना सांभाळून, शेजाऱ्याला गाडी मागे घेताना सांभाळून, आणि दाढ काढायला गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरलासुद्धा सांभाळून. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने मोठा समारंभ केला. तो प्रेमाने केला की सुटल्याच्या आनंदात, हे त्यांच्या बायकोला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून कारखान्याची सगळी सुरक्षितता तिच्या एकटीच्या वाट्याला आली.

ती पार्लरवाली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं आणि तिच्या कात्रीइतकीच तिच्या जिभेलाही धार होती. गिऱ्हाइकांना दोन्हींची सवय झाली होती. साहेबांना मात्र इतक्या वर्षांत एकीचीही झाली नव्हती. ते केससुद्धा बाहेरच कापून घ्यायचे.

घराच्या उजव्या अंगाने एक वाट मागच्या खोलीकडे जायची आणि वाटेच्या कडेला झुडपांचं हिरवं कुंपण होतं. लावलं तेव्हा ते कमरेइतकं होतं, नीटनेटकं, बघत राहावं असं. आता ते डोक्यावर हातभर गेलं होतं आणि पोट सुटल्यासारखं वाटेवर आलं होतं. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन जावं लागे. साहेबांनी यावर उपाय केला होता, नाही असं नाही. कारखान्यातून आणलेली एक पिवळी पाटी त्यांनी वाटेच्या तोंडाशी लावली होती, 'पुढे अरुंद मार्ग'. झुडूप कापायच्या ऐवजी पाटी लावणारा माणूस जगात आणखी असेलही, पण तिच्या पाहण्यात हा एकच होता.

एरवी तिने या कुंपणाकडे कानाडोळा केला असता. संसारात बऱ्याच गोष्टींकडे तिने केला होता. पण तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे काही महिने तरी चाकाची खुर्ची सुटणार नाही. धाकटा भाऊ राहायचा लिफ्ट नसलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. पार्लरच्या दाराला उंच पायऱ्या. राहिली ती मागची खोली. जमिनीला लागून, उन्हाची, शेजारीच न्हाणीघर. खुर्ची थेट आत जाईल अशी. फक्त वाट मोकळी हवी.

"ताई, रविवारी सुट्टी देतायत," भावाने फोनवर सांगितलं. "वाट झाली नाही तर मला दुसरी सोय बघावी लागेल. एका वृद्धाश्रमात जागा आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते थांबतील."

आईने फोन घेतला आणि म्हणाली, "मला काय गं, कुठेही टाका. खिडकी असली म्हणजे झालं."

पार्लर नवीन होतं आणि गल्लीतल्या बायका नाकं मुरडत होत्या, तेव्हा याच आईने पहिलं वर्षभर रोज येऊन जमिनीवरचे केस झाडले होते. लेकीच्या दुकानात झाडू मारते म्हणून लोक हसले, तर म्हणाली होती, हसू देत, झाडून झालं की तेही केस कापायला येतील. आणि आलेच. त्या बाईला कुठेही टाकायचं, ही कल्पनाच पार्लरवालीच्या घशाखाली उतरेना.

साहेबांना विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "येऊ देत की. त्यांचंच घर आहे." तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. साहेब जेवायलासुद्धा इतक्या पटकन हो म्हणत नसत.

कारण मागची खोली म्हणजे साहेबांचं ऑफिस. तिथे भिंतीवर रंगीबेरंगी हेल्मेटं टांगलेली, कोपऱ्यात लाल सिलिंडर, फळीवर हातमोजे, गॉगल आणि केबल टायची, म्हणजे वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची पाकिटं, आणि मधोमध हातांची एक मोठी खुर्ची. दुपारी या खुर्चीत बसून साहेब काम करायचे. कामाचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "कोण घोरतंय?"

कुंपण छाटायचं ठरलं त्या सोमवारी साहेबांनी अंगणात उभं राहून बोट ओलं केलं आणि हवेत धरलं. वारा होता. वाऱ्यात शिडीवर चढायचं नसतं. मंगळवारी वारा पडला, तर शिडीच्या एका पायाचं रबर झिजलेलं निघालं. रबर आणेपर्यंत बुधवार उजाडला आणि गॉगलवर चरा दिसला. विजेवर चालणारी नवी कोरी कातर खोक्यात पडून होती, कारण तिची वायर लांब, आणि लांब वायर तिच्याच पात्यात सापडू शकते. सगळी कारणं खरी होती, एकही खोटं नाही. यातलं एकेक वाक्य कारखान्यात सोन्यासारखं होतं. घरात मात्र त्यांचा ढीग होत गेला आणि कुंपण होतं तिथेच राहिलं.

शेवटी तिने एका माळ्याला बोलावलं. साहेबांनी त्याला फाटकातच गाठलं. बूट कुठे आहेत, आधी किती उंचीवर काम केलंय, तोल गेला तर पहिला हात कुठे जाईल, असं सगळं विचारलं. माळ्याने थोडा वेळ ऐकून घेतलं, मग कातर खांद्यावर टाकली.

"साहेब, मी झाडं कापतो. परीक्षा देत नाही," तो म्हणाला आणि गेला.

"बघितलंस?" साहेब आत येऊन समाधानाने म्हणाले. "एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही त्याला."

तिच्या समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि हातात कात्री होती. अशा वेळी नवऱ्याकडे न बघणंच बरं, असं तिचं मत होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब मांजराच्या पावलांनी पार्लरच्या दाराशी आले.

"अगं," ते कुजबुजले, "कापता येणार नाही. घरटं आहे."

"कुठे?"

"आत, वरच्या बाजूला. जवळ जाऊ नकोस. पाखरू एकदा बुजलं की परत येत नाही. अंडी असतील. घरटं असताना कुंपणाला हात लावायचा नसतो, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं असतं. हा काही माझा नियम नाही."

त्यांनी तिला लांबूनच बोट करून दाखवलं. पानांच्या गर्दीत खरंच वाटीएवढं काहीतरी काळसर दिसत होतं. ती बघत राहिली. आठवडाभरात साहेबांनी सांगितलेल्या कारणांपैकी हे पहिलंच, ज्याच्यावर तिला तोंड वाकडं करता येईना. कोणाचं तरी घर होतं ते. आपल्या आईला घर हवं म्हणून दुसऱ्या कोणाच्या पोरांचं मोडायचं, एवढं तिचं काळीज दगडाचं नव्हतं.

तिने भावाला फोन लावला. "जागा घेऊन टाक तिथे," ती म्हणाली. कारणही सांगितलं.

"नक्की ना ताई? मी उद्या संध्याकाळी त्यांना हो कळवतो."

मागून आईचा आवाज आला, "पाखरांचं आधी बघ गं बाई. माझं काय, मी म्हातारी."

फोन ठेवून ती बेसिनपाशी गेली आणि धुतलेलेच कंगवे परत धूत बसली. गिऱ्हाइकाने विचारलं, डोळे का लाल झालेत. ती म्हणाली, शॅम्पू गेला.

शनिवारी सकाळी तिची एक जुनी गिऱ्हाईक आली. या बाई केस लालभडक रंगवायच्या आणि दर महिन्याला टोकं कापून घ्यायच्या. त्या गेल्यावर पार्लरवालीने जमीन झाडली. सुपलीत लाल केसांचा झुपका पडला आणि तिला मागच्या वर्षीची गंमत आठवली. बुलबुलांच्या एका जोडीने पार्लरच्या वरच्या झरोक्यात घरटं केलं होतं. जमिनीवरचे केस चोचीने उचलून नेऊन त्यांनी ते विणलं होतं, आणि त्यात या बाईंच्या लाल केसांचा एक पट्टा असा गुंफला होता की बाई स्वतः वर बघून खूश झाल्या होत्या. पिल्लं उडून गेल्यावर झरोका धुताना ते घरटं खाली आलं. टाकवेना म्हणून तिने ते मागच्या खोलीत फळीवर नेऊन ठेवलं होतं.

या नव्या पाखरांनाही केस आवडतील, असं तिच्या मनात आलं. तिने झुपका कागदात घेतला, एका वाटीत पाणी घेतलं आणि पाय न वाजवता वाटेवर गेली. आवाज नव्हता. ना फडफड, ना चिवचिव. कालपासून एकही पाखरू या बाजूला दिसलं नव्हतं, हेही तिला आत्ताच जाणवलं. अ‍ॅप्रनच्या खिशातल्या कंगव्याच्या लांब दांडीने तिने पानं हलकेच बाजूला केली.

घरट्यात लाल केस होते.

ती टाचा उंच करून आणखी जवळ गेली. घरटं फांदीला केबल टायने बांधलेलं होतं. काळा टाय, घट्ट ओढलेला, उरलेलं टोक सफाईने कापलेलं. त्याच्या खाली दुसरा टाय होता, पहिला तुटला तर असावा म्हणून. खोटं बोलतानासुद्धा या माणसाने सुरक्षिततेत कसर ठेवली नव्हती.

आधी तिला हसू आलं. मग राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवून तिने आपल्या आईला नको म्हटलं होतं, आणि आईने वर पाखरांचीच काळजी केली होती.

साहेब ऑफिसात खुर्चीत बसले होते. फळीवर हातमोजे आणि गॉगलच्या मधोमध धुळीत एक गोल स्वच्छ जागा होती, घरट्याच्या मापाची. ती दारात उभी राहिली.

"अहो, पाखरू कुठलं आहे हो ते?"

"बुलबुल असावा," साहेब म्हणाले.

"हुशार दिसतो. केबल टाय लावतो. टोकही कापतो कडेला, कोणाला टोचू नये म्हणून."

साहेबांनी गॉगल उचलून शर्टाला पुसला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते फक्त त्यांच्याच तोंडून निघू शकलं असतं.

"वाऱ्याने खाली पडलं असतं," ते म्हणाले. "कोणाच्या डोळ्यात काडी गेली असती."

या माणसाशी आपण संसार केला, हे तिने मनातल्या मनात एकदा नीट कबूल करून घेतलं.

"आईला नको म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं."

"मी नको कधी म्हणालो?"

"तेच तर. म्हणाला असतात तर मी भांडले असते. पण माझा नवरा नको म्हणतो, एवढं तरी मला कळलं असतं. तुम्ही वारा पुढे केलात, रबर पुढे केलंत, आणि शेवटी रिकामं घरटं पुढे केलंत. मी त्यातल्या अंड्यांसाठी काल रडले."

साहेबांनी हेल्मेटांकडे पाहिलं. "ही खोली गेली की मी बसू कुठे?" ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

क्षणभर तिला त्यांची कीव आली. पण आठवडाभराचं कुंपण त्या किवेच्या आड आलं.

"पार्लरमध्ये बसा. ओळीने खुर्च्या आहेत," ती म्हणाली आणि भावाला फोन लावला. "त्यांना हो कळवू नकोस. उद्या आईला इकडेच आण."

"आणि पाखरं?"

"उडाली," ती म्हणाली.

मग तिने फळीवरून एकेक वस्तू उतरवली. चामड्याचे हातमोजे, गॉगल, भिंतीवरचं पांढरं हेल्मेट. साडीवर साहेबांचा कारखान्यातला पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, पदर कमरेला घट्ट खोचला, केस बांधून हेल्मेटात कोंबले. विजेची कातर खोक्यातच राहू दिली आणि लांब दांड्यांची हातकातर घेतली. शिडी ओढत अंगणात नेली. साहेब मागे मागे आले. न येऊन सांगतात कोणाला.

"माती मऊ आहे," ते म्हणाले. "पाय रुततील."

"मग?"

"खाली फळी टाकायला हवी."

"टाका."

त्यांनी फळी टाकली. शिडी हलवून पाहिली. कुंपणातून एखादी वायर गेलीय का, ते वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं. गेली नव्हती.

"मी एकटी चढू?"

"नाही नाही. खाली धरायला माणूस लागतो."

"मग धरा."

साहेबांनी शिडी धरली. ती आधी चढलीच नाही. घरटं फांदीच्या तुकड्यासकट कापून पार्लरच्या पायरीवर ठेवलं आणि खालपासून कापायला घेतलं. खालून वर यायचं, बुंध्याशी कुंपण रुंद ठेवायचं आणि वर निमुळतं, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं, हे साहेबांनी शिडी धरल्या धरल्या सांगितलं. जाड फांदीला कातर लावू नकोस, करवत घे. हात लांब करू नकोस, खाली उतर, शिडी सरकव, परत चढ. पोट शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्ये राहू दे. तिने प्रत्येक गोष्ट ऐकली, कारण प्रत्येक गोष्ट बरोबर होती. या माणसाला सगळं येत होतं, हेच तर वाईट होतं. न येणाऱ्याला तिने केव्हाच माफ करून टाकलं असतं.

आणि केस कापायची सवय तिच्या कामी आली. थोडं कापायचं, मागे सरायचं, बघायचं. गल्लीतल्या बायका फाटकाशी जमल्या. लालभडक केसांच्या बाईही परत आल्या.

"साहेब, आज तुम्ही चढला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"ते सांभाळतायत," पार्लरवाली वरून म्हणाली. "त्यांचं तेच काम."

साहेबांनी मान वर केली नाही. हात मात्र शिडीवरून एकदाही काढला नाही, अगदी नाकावर माशी बसली तेव्हाही. ते तिने वरून पाहिलं आणि लक्षात ठेवलं. राग त्याने कमी झाला नाही.

संध्याकाळी वाट मोकळी झाली. कुंपण छातीइतकं उरलं होतं, आतून काटकुळं आणि तपकिरी, ओकंबोकं. दोन महिन्यांत भरेल, साहेब म्हणाले. त्यांनीच फांद्या गोळा केल्या, खुर्चीच्या चाकाखाली काडी येऊ नये म्हणून वाट दोनदा झाडली, मग टेप आणून रुंदी मोजली. तिने सांगायची वाट न बघता पिवळी पाटीही काढली. ऑफिस रिकामं करताना मात्र तिने सांगितल्याशिवाय त्यांनी एकाही वस्तूला हात लावला नाही.

रविवारी भावाने आईची खुर्ची ढकलत आणली. वाटेवर चाकं कुठे अडकली नाहीत. दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. आईने जाता जाता कुंपणाच्या फांद्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "बारीक केलेत की केस."

मागच्या खोलीत पलंग लावला होता, चादर स्वच्छ होती. खिडकीच्या गजाला घरटं टांगलेलं होतं. पार्लरवालीने ते सकाळी स्वतः लावलं होतं, त्याच दोन टायसकट, फांदीचा तुकडा गजांत अडकवून. साहेबांनी ते आत्ता पाहिलं. ते दारातच थांबले.

"ते काय गं?" आईने विचारलं.

खरं काय ते पार्लरवालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. भाऊ समोर होता, आई समोर होती, एका वाक्यात साहेबांची आयुष्यभराची अब्रू त्या झाडलेल्या वाटेवर येऊन पडली असती. ती नवऱ्याकडे बघत राहिली, तो खाली बघेपर्यंत.

"घरटं," ती म्हणाली. "तुझ्या जावयाने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. तू येणार म्हटल्यावर."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आई वर बघत राहिली. तिने टाय पाहिले, कापलेली टोकं पाहिली.

"पडू नये म्हणून दोन-दोन लावलेत," ती हळूच म्हणाली. "आणि मी मेली काय समजत होते. मला वाटायचं, जावईबापूंना मी आलेली आवडत नाही." तिने साहेबांचा हात धरला. "चुकलं माझं. तेवढं पोटात घाला."

कारखान्यात आग लागली तेव्हाही साहेब इतके गोरेमोरे झाले नव्हते. त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हातारीची पकड पक्की होती.

"रोज इथेच येऊन बसत जा," ती म्हणाली. "मला सोबत होईल. मला काय काय सांभाळायला हवं, तेही सांगाल."

पार्लरवालीने पलंगाशेजारी हातांची मोठी खुर्ची सरकवली. ती तिने बाहेर काढूच दिली नव्हती. काल रात्री साहेबांना वाटलं होतं, तेवढी तरी दया केली.

"बसा," ती म्हणाली. "सांभाळून."

साहेब बसले. आईने त्यांचा हात सोडला नाही.